ग्लॉक १९ साठी परवडणाऱ्या सुधारणा: आधी काय घ्यायचं, कोणत्या क्रमाने बसवायचं आणि कशाला हात लावायचा नाही

पिस्तूल घेतल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत पैसे बहुतेक वेळा उलट्या क्रमाने खर्च होतात. आधी हलका ट्रिगर येतो, मग रंगीत बॅकप्लेट, मग लाइट. होल्स्टर मात्र दुकानाच्या काउंटरजवळ टांगलेलं, मऊ कापडाचं, वीस डॉलरचं. लाइट बसवल्यावर पिस्तूल त्या होल्स्टरमध्ये जात नाही, म्हणून दुसरं घ्यावं लागतं. नव्या होल्स्टरचं वजन रोजचा चामडी पट्टा पेलत नाही, म्हणून शेवटी बेल्ट येतो, जो खरं तर सगळ्यात आधी यायला हवा होता. या उलट्या क्रमात पैसे वाया जातातच, शिवाय अंगावर बाळगायचं पिस्तूल मधल्या काळात धोकादायक अवस्थेत राहतं.

इथे उदाहरणासाठी अमेरिकेत सहज मिळणारं, रेल (नळीखालची, लाइट बसवायची खाच) असलेलं ग्लॉक १९ घेतलं आहे. ९ मिलिमीटर, मूळ मॅगझीन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) १५ राउंडचं, म्हणजे १५ काडतुसांचं. दुसऱ्या कंपनीचं पिस्तूल असेल तर क्रम हाच ठेवा, पण अवजारांची मापं त्या पिस्तुलाची घ्या. भारतातल्या परवानाधारकांना यातलं फारसं लागू नाही, कारण तिथे ९ मिलिमीटर हा सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध बोअर (नळीच्या व्यासाचा बंदी असलेला प्रकार) आहे.

साधारण ३०० डॉलरचं बजेट असं पडतं: बेल्टला ५०, होल्स्टरला ७०-७५, दोन जादा मॅगझीनना ५५-६०, डमी राउंडना (सरावाची नकली काडतुसं) १५-२० आणि साइट्सना (नेम धरायच्या खुणा) ७०-८०. लाइटला वेगळे १२०-१४० डॉलर धरा. लॉकबॉक्स आणि टूर्निके (रक्तस्राव थांबवायचा पट्टा) हे सुधारणांच्या बजेटमधून घ्यायचे नाहीत. पिस्तुलाच्या किमतीतच त्यांचे पैसे बाजूला ठेवा.

टप्पा १: कायदा आधी, खरेदी नंतर

व्हिसा आधी पाहा. एफ-१, एच-१बी, एच-४, एल-१, बी-१ किंवा बी-२ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यास सूट मिळते, पण असे अपवाद मोजके आहेत. हातात धरणं हेही 'जवळ बाळगणं' ठरू शकतं, त्यामुळे मित्राचं पिस्तूल रेंजवर 'फक्त दोन राउंड' चालवून बघणं हा निरुपद्रवी प्रकार नाही. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही बंदी नाही. घरात नवरा ग्रीन कार्डवर आणि पाहुणे आलेले आईवडील बी-२ वर असतील, तर पिस्तुलाची किल्ली किंवा लॉकबॉक्सचा कोड त्यांच्याकडे देऊ नका.

दुसरी गोष्ट राज्याची. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात मॅगझीनची मर्यादा १० राउंडची आहे, म्हणजे ग्लॉक १९ चं मूळ १५ राउंडचं मॅगझीन तिथे चालत नाही. न्यू जर्सीत होलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या) गोळ्यांवरही वेगळे निर्बंध आहेत. टेक्सासच्या भावाने पाठवलेली खरेदीची यादी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये जशीच्या तशी वापरली तर गुन्हा होऊ शकतो.

सावधान: परदेशी संकेतस्थळांवर ग्लॉकच्या मागच्या बाजूला बसणारा 'स्विच' शोभेची वस्तू म्हणून स्वस्तात दाखवला जातो. त्याने पिस्तूल स्वयंचलित होतं आणि तो सुटा भाग नुसता जवळ असणं हाच फेडरल गुन्हा आहे. पार्सल मागवल्याची नोंदसुद्धा पुरावा ठरते.

टप्पा २: टेबल आणि रिकामं पिस्तूल

पुढच्या प्रत्येक टप्प्यात पिस्तूल हातात येणार आहे, म्हणून ही कृती पाठ करा आणि दर वेळी संपूर्ण करा.

१. खोलीतून सगळी जिवंत काडतुसं बाहेर काढा. टेबलाच्या खणात ठेवली तर ती बाहेर काढली असं होत नाही. दुसऱ्या खोलीत ठेवा.

२. नळी सुरक्षित दिशेला. त्या दिशेला गोळी अडवेल अशी वस्तू हवी. अपार्टमेंटमधली जिप्समची भिंत गोळी अडवत नाही, पलीकडे शेजारी राहतात.

३. आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढा. हा क्रम उलटा केला तर चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकातलं) काडतूस बाहेर पडतं आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधलं नवं आत चढतं. पिस्तूल रिकामं केलं असं वाटतं आणि ते भरलेलं असतं.

४. स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळीने चाचपा. अंधुक उजेडात डोळा फसतो, बोट फसत नाही.

सावधान: ग्लॉक उघडण्यासाठी, म्हणजे स्लाइड फ्रेमपासून सोडवण्यासाठी, ट्रिगर दाबावाच लागतो. साफसफाई करताना गोळी सुटते ती इथेच. पायरी ३ आणि ४ दोन्ही पूर्ण केल्याशिवाय ट्रिगरला बोट लावू नका.

अवजारं थोडीच लागतात: ३/१६ इंचाचा पातळ भिंतीचा नट ड्रायव्हर, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव), आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूसकाड्या, पांढरा पेंट पेन, व्हर्नियर कॅलिपर आणि सुटे भाग हरवू नयेत म्हणून कडा असलेला एक ट्रे. घरातलं पोळ्यांचं ताट घेऊ नका. साफसफाईची रसायनं आणि शिशाचे कण त्यावर येतात. काम झाल्यावर हात थंड पाणी आणि साबणाने धुवा, आणि तोवर काही खाऊ नका.

टप्पा ३: काहीही न बदलता २०० राउंड

बरेच जण हा टप्पा गाळतात आणि त्याची किंमत पुढे मोजतात. नवं पिस्तूल मूळ अवस्थेत २०० राउंड चालवा. ११५ ग्रेन वजनाच्या साध्या गोळ्या पुरतात. वहीत नोंद करा: कोणतं मॅगझीन, कितवा राउंड, काय अडलं. ही नोंद नसेल तर पुढे साइट किंवा स्प्रिंग बदलल्यावर अडचण आली, की दोष मुळातला की नव्या भागाचा, हे सांगता येत नाही.

इथे एक लक्षण हमखास दिसतं: शेवटच्या राउंडनंतर स्लाइड मागे अडकत नाही. मॅगझीनचा दोष काढण्याआधी अंगठा कुठे आहे ते बघा. दोन्ही अंगठे पुढे रोखून धरण्याच्या पद्धतीत अंगठा स्लाइड स्टॉपवर (स्लाइड मागे अडकवणारा खटका) टेकतो आणि त्याला वर येऊ देत नाही. यावर उपाय अंगठा थोडा खाली घेणं हा आहे. त्यासाठी लांब स्लाइड स्टॉप विकत घेतला तर त्रास वाढतो, कारण टेकायला जागा जास्त मिळते.

टप्पा ४: लाइट हवा की नको, हे आत्ताच ठरवा

लाइट नंतर घेतला तरी चालेल, पण निर्णय होल्स्टरआधी हवा. कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) होल्स्टर विशिष्ट पिस्तूल आणि विशिष्ट लाइट या जोडीवर साचेबद्ध केलेलं असतं. लाइटशिवायच्या होल्स्टरमध्ये लाइटवालं पिस्तूल जात नाही. उलट, लाइटसाठी बनवलेल्या अनेक होल्स्टरची पकड लाइटवरच असते, त्यामुळे लाइट काढला तर पिस्तूल आत सैल हलतं.

आमचं मत स्पष्ट आहे: बजेट ३०० चं असेल तर पिस्तुलावरचा लाइट आत्ता घेऊ नका, खिशातली २५-३० डॉलरची चांगली टॉर्च घ्या. पार्किंगमध्ये किल्ली शोधताना किंवा दाराबाहेर कोण आहे हे बघताना टॉर्च वापरता येते. पिस्तुलावरचा लाइट वापरला तर ज्याच्यावर प्रकाश पडेल त्याच्यावर नळीही रोखली जाते, मग तो तुमचा मुलगा असो की पिझ्झा घेऊन आलेला पोऱ्या.

टप्पा ५: बेल्ट

ग्लॉक १९ रिकामं असताना साधारण ६०० ग्रॅम आणि भरल्यावर साधारण ८५० ग्रॅम भरतं. साधा पट्टा इतक्या वजनाने बाहेरच्या बाजूला कलंडतो, पिस्तुलाची मूठ अंगापासून सुटते आणि शर्टाखाली उंचवटा दिसतो. होल्स्टर वाईट आहे असं समजून लोक तीन-तीन होल्स्टर बदलतात, आणि दोष पट्ट्याचा असतो.

दीड इंच रुंदीचा, आत पॉलिमर किंवा स्टीलची पट्टी असलेला बेल्ट घ्या. छिद्रांऐवजी दर पाव इंचाला अडकणारा खाचांचा बेल्ट अधिक सोयीचा, कारण जेवणाआधी आणि जेवणानंतर कंबर एकच राहत नाही. माप पँटच्या लेबलवरून घेऊ नका. होल्स्टर आत खोचायचं असल्याने पिस्तुलासकट कंबरेभोवती टेप फिरवून माप घ्या. साधारण दोन इंच वाढतात.

तपासणी: बेल्ट हातात आडवा धरून दोन्ही कडा एकमेकींकडे दाबा. सहज दुमडला तर तो या कामाचा नाही.

टप्पा ६: होल्स्टर

इथे घाई करू नका. सगळ्या यादीत जिवाशी थेट संबंध असलेली वस्तू हीच आहे.

पहिली अट: ट्रिगर गार्ड पूर्ण झाकला पाहिजे, आणि झाकणारा भाग इतका कडक हवा की बाहेरून बोटाने कितीही दाबलं तरी ट्रिगर हलणार नाही. रिकामं पिस्तूल आत घाला आणि बाहेरून अंगठ्याने जोर देऊन बघा. मऊ चामडं आणि कापडी पाऊच इथेच नापास होतात. ग्लॉकला बाहेरचा वेगळा सेफ्टी खटका नसतो, म्हणून होल्स्टर हाच त्याचा सेफ्टी खटका समजा.

दुसरी अट: पिस्तूल काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहायला हवं. मिटत असेल तर परत घालताना दुसऱ्या हाताने ते उघडावं लागतं आणि तो हात नळीसमोर येतो.

तिसरी: पिस्तूल होल्स्टरमध्ये असतानाच मुठीवर पूर्ण पकड घेता आली पाहिजे. खालची तीन बोटं मुठीभोवती आणि तळवा वरपर्यंत. बोटं बेल्टला अडत असतील तर क्लिप खालच्या छिद्रात लावून होल्स्टर वर उचला.

आता बसवण्याचा क्रम.

१. क्लिपची रुंदी बेल्टइतकीच ठेवा. पावणेदोन इंचाची क्लिप दीड इंचाच्या बेल्टवर खाली-वर सरकते आणि पिस्तूल काढताना होल्स्टरसकट बाहेर येतं.

२. पोटाजवळ, समोरच्या बाजूला बाळगायचं असेल तर होल्स्टर सरळ ठेवा. कमरेच्या मागे, घड्याळातल्या चारच्या जागी असेल तर मूठ पुढे साधारण १५ अंश कलती ठेवा.

३. क्लॉ, म्हणजे बेल्टला आतून टेकणारा छोटा पंख, बसवून घ्या. तो मुठीला अंगाकडे वळवतो. खालच्या टोकाला चिकटवायची फोमची वेज त्याहून स्वस्त असते, आणि सडपातळ माणसाला तिचा फरक जास्त जाणवतो.

४. पकडीचा स्क्रू जुळवा. रिकामं पिस्तूल आत घालून होल्स्टर पलंगावर उलटं धरा आणि झटका द्या. पडायला नको. पण बाहेर काढताना दोनदा ओढावं लागत असेल तर अर्धा फेरा सैल करा.

५. सगळं जुळल्यावर एकेक स्क्रू काढून आटे अल्कोहोलने पुसा, निळ्या थ्रेडलॉकरचा लहानसा थेंब लावा, परत बसवा आणि पेंट पेनने स्क्रूवरून होल्स्टरपर्यंत एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला आहे हे लगेच कळतं. हे न केल्याने महिनाभरात क्लिपचा स्क्रू गळून पडतो. ही तक्रार फार सर्रास आहे.

सावधान: पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना गोळी सुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ट्रिगर गार्डमध्ये अडकलेली शर्टाची कड किंवा जॅकेटच्या नाडीचं प्लास्टिकचं टोक. हुडीच्या नाड्या काढून टाका. पिस्तूल आत घालताना डोळ्यांनी बघत, सावकाश घाला. अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, बाहेर काढून बघा. समोर बाळगणाऱ्यांनी भरलेलं पिस्तूल आधी होल्स्टरमध्ये घालून मग दोन्ही एकत्र कमरेला लावणं सुरक्षित.

कपड्यांविषयी. झब्बा किंवा कुर्ता लांब असतो, एका हाताने वर उचलला तर कड परत खाली येऊन पिस्तुलावर पडते. डाव्या हाताने छातीपर्यंत उचलून धरण्याचा सराव वेगळा करावा लागतो. सलवार-कमीझवर बेल्टच नसतो. तिथे बेली बँड (पोटाभोवती बांधायचा पट्टा) वापरायचा असेल तर आत कायडेक्सचं कडक कवच असलेलाच घ्या. नुसत्या लवचीक कापडाच्या खिशात ट्रिगर उघडाच राहतो. साडीवर पिस्तूल बाळगायची सुरक्षित आणि सोपी सोय आमच्या पाहण्यात नाही. त्या दिवशी ते लॉकबॉक्समध्ये ठेवा. पर्समध्ये मोकळं टाकू नका.

तपासणी: रिकाम्या पिस्तुलाने रोज दहा मिनिटं, असे पंधरा दिवस, घरात बसणं-उठणं-वाकणं आणि पिस्तूल काढण्याचा सराव. गाडीत बसून सीटबेल्ट लावूनही बघा. पंधरा दिवसांत होल्स्टरची जागा एकदा तरी बदलावीशी वाटते, आणि ती भरलेलं पिस्तूल लावण्याआधी बदललेली बरी.

टप्पा ७: मॅगझीन

मॅगझीन झिजणारी वस्तू आहे. बाळगायला मूळ कंपनीचीच घ्या, साधारण २५ ते ३० डॉलरला मिळतात. बाहेरच्या कंपनीची १५ डॉलरची मॅगझीन सरावाला चांगली. पेंट पेनने प्रत्येकाच्या तळाला क्रमांक टाका. बाळगायच्या मॅगझीनना १, २, ३ आणि सरावाच्यांना ११ पासून पुढे, म्हणजे अदलाबदल होत नाही. सरावात जमिनीवर आपटलेली मॅगझीन बाळगू नका.

राउंड अडायला लागले की क्रमांकाचा उपयोग कळतो. एकाच क्रमांकाच्या मॅगझीनमध्ये अडत असेल तर मॅगझीन बाद. सगळ्यांत अडत असेल तर मनगटाची पकड, गोळ्यांचा प्रकार किंवा रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी), या क्रमाने शोधा.

ग्लॉक १७ चं १७ राउंडचं मॅगझीन १९ मध्ये बसतं. खाली थोडं बाहेर येतं, पण राज्याच्या मर्यादेत असेल तर बेल्टवरचं जादा मॅगझीन म्हणून उत्तम. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या मॅगझीनना एकाच बाजूला खाच असते. डावखुऱ्यांनी मॅगझीन सोडायचं बटण उजवीकडे वळवून घेतलं असेल तर ती अडकत नाहीत आणि पहिल्याच राउंडला खाली पडतात.

तळाला +२ ची (दोन राउंड जास्त मावणारी) टोपी लावायची हौस असेल तर सोबत जास्त ताकदीची स्प्रिंग हवीच. मूळ स्प्रिंग शेवटचे दोन राउंड वेळेवर वर ढकलत नाही. आणि पुन्हा राज्याची मर्यादा मोजा.

टप्पा ८: साइट्स

ग्लॉकच्या मूळ साइट्स प्लास्टिकच्या असतात: पुढे ठिपका, मागे पांढरा यू. होल्स्टरवर घासून पुढची झिजते, बेल्टवर अडकून मागची सरकू शकते. ७०-८० डॉलरमध्ये स्टीलची जोडी मिळते, पुढच्या साइटमध्ये अंधारात आपोआप उजळणारं ट्रिटियम असलेली. ट्रिटियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षांचा आहे, म्हणून वापरलेल्या साइट्स घेताना त्यांवरचं वर्ष बघा. दहा-बारा वर्षं जुनी जोडी निम्मीच उजळते.

पुढची साइट घरी बदलता येते.

१. टप्पा २ ची सगळी कृती करा. स्लाइड वेगळी करा, नळी आणि रिकॉइल स्प्रिंग काढा.

२. स्लाइड उलटी करून कापडावर ठेवा. पुढच्या टोकाला आतून छोटा षटकोनी स्क्रू दिसेल. साधा सॉकेट तिथे शिरत नाही, पातळ भिंतीचाच ड्रायव्हर लागतो. पक्कडने धरायचा प्रयत्न केला की स्क्रूचे कोपरे गोल होतात आणि मग ड्रिलने काढावा लागतो.

३. जागा आणि नवा स्क्रू दोन्ही अल्कोहोलने पुसून कोरडे करा. तेलकट आट्यांवर थ्रेडलॉकर पकडच घेत नाही. पुढची साइट उडून गेली अशा तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

४. साइट दिशा बघून बसवा, स्क्रूला थ्रेडलॉकरचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब लावा. निळाच. लाल वापरला तर उष्णता दिल्याशिवाय स्क्रू निघत नाही.

५. दोन बोटांत ड्रायव्हर धरून घट्ट करा. मुठीचा जोर लावू नका, स्क्रू बारीक आहे, तुटतो. घट्ट करताना साइट वळलेली नाही ना, हे वरून बघत राहा.

६. २४ तास हात लावू नका. थ्रेडलॉकर पॉलिमरला तडे पाडू शकतो, म्हणून सांडलेला लगेच पुसा आणि ओली स्लाइड फ्रेमवर चढवू नका.

मागची साइट खाचेत घट्ट बसलेली असते, तिला साइट पुशर लागतो. एकदाच्या कामासाठी पुशर विकत घेण्यापेक्षा गनस्मिथकडे २०-४० डॉलर देऊन करून घेणं परवडतं. हातोडीने करणाऱ्यांची स्लाइड ओरखडते किंवा साइट वाकडी होते. बसल्यावर कॅलिपरने दोन्ही बाजूंचं अंतर मोजा, सारखं हवं. मध्यरेषेला पेंट पेनची बारीक खूण करा.

आता महत्त्वाचं. नव्या साइट्सनंतर राउंड खाली-डावीकडे पडू लागले, की उजव्या हाताचा नेमबाज लगेच साइट सरकवायला जातो. उजव्या हाताने खाली-डावीकडे पडणं हे बहुतेक वेळा ट्रिगर झटक्याने ओढल्याचं लक्षण असतं. आधी वाळूच्या पिशवीवर हात टेकवून १५ यार्डांवरून पाच-पाच राउंडचे तीन गट मारा. शक्य असेल तर दुसऱ्या सराईत माणसाला त्याच पिस्तुलाने मारायला सांगा. दोघांचेही गट एकाच बाजूला गेले तरच साइट हलवा. मागची साइट ज्या दिशेला राउंड न्यायचे त्याच दिशेला सरकवायची. ग्लॉक १९ च्या दोन साइट्समध्ये साधारण १५३ मिलिमीटर अंतर आहे, म्हणून मागची साइट इंचाचा शंभरावा भाग सरकवली तरी १५ यार्डांवर जवळपास ०.९ इंचाचा फरक पडतो. उंचीचा प्रश्न असेल तर मूळ मागची साइट ६.१, ६.५ आणि ६.९ मिलिमीटर अशा उंचीत मिळते. मागची उंच केली की राउंड वर जातात, पुढची उंच केली की खाली येतात.

रेड डॉटविषयी (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काचेची साइट) थोडक्यात: तो या बजेटमधला नाही. स्लाइड एमओएस (डॉट बसवायला कापलेली) असेल आणि पुढे घ्यायचाच असेल, तर आरएमआर पद्धतीच्या डॉटला २ क्रमांकाची प्लेट लागते. तोवर चांगल्या लोखंडी साइट्स पुरेशा आहेत.

टप्पा ९: पकड आणि लाइट

मुठीवर चिकटवायची रबरी पट्टी २० डॉलरच्या आसपास मिळते. अंगाला लागून बाळगायचं असेल तर रबरीच घ्या. सँडपेपरसारखी खरखरीत पट्टी महिनाभरात शर्ट फाडते आणि त्वचा सोलते. मूठ अल्कोहोलने पुसा, पट्टी न चिकटवता आधी जागेवर धरून बघा, मग एका बाजूने लावत जा आणि हेअर ड्रायरने गरम करून कडा दाबा. मॅगझीन सोडायच्या बटणाभोवतीची जागा मोकळी हवी. कड बटणावर आली तर मॅगझीन अर्धवट सुटतं.

लाइट घेणार असाल तर त्याच्यासोबत येणाऱ्या पट्ट्यांपैकी ग्लॉकच्या रेलची पट्टी लावा. चुकीच्या पट्टीने लाइट पुढे-मागे हलतो आणि स्विच बोटाला सापडत नाही. काही लाइटची बॅटरी पुढून बदलावी लागते, म्हणजे हात नळीसमोर येतो. पिस्तूल पूर्ण रिकामं केल्याशिवाय किंवा लाइट खाली उतरवल्याशिवाय बॅटरी बदलू नका.

टप्पा १०: ज्याला हात लावायचा नाही

हलका ट्रिगर कनेक्टर (ट्रिगरचा जडपणा ठरवणारा भाग) दहा-पंधरा डॉलरला मिळतो, म्हणून मोह होतो. मूळ ट्रिगर दाबायला साधारण साडेपाच पौंडांचा जोर लागतो. भेदरलेल्या अवस्थेत, थरथरत्या बोटाखाली तो जडपणा तुमच्या बाजूने काम करतो. त्याच्या जोडीने कमी ताकदीची स्ट्रायकर (काडतुसावर ठोका देणारी पिन) स्प्रिंग घातली तर काडतुसाच्या तळातल्या कडक प्रायमरवर हलका ठोका बसून राउंड उडतच नाही.

मॅगझीन सोडायचं लांब बटण स्पर्धेसाठी असतं. कमरेला लावल्यावर पोटाच्या किंवा सीटबेल्टच्या दाबाने ते दाबलं जातं आणि मॅगझीन आतल्या आत सुटलेलं राहतं.

स्ट्रायकरच्या पोकळीत तेल घालू नका. तिथे तेल आणि धूळ साचून ठोका मंदावतो. तेल थेंबाने मोजायचं: स्लाइडच्या चार खाचांत, नळीच्या बाहेरून आणि ट्रिगर बार जिथे कनेक्टरला भेटतो त्या कोपऱ्यात.

एक भाग मात्र वेळेवर बदलायचा: रिकॉइल स्प्रिंग. तिसऱ्या पिढीत साधारण ३,००० आणि चौथ्या-पाचव्यात ५,००० राउंडनंतर. चाचणी सोपी आहे. रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबून धरा, नळी वर रोखा, स्लाइड मागे ओढून हाताने सावकाश पुढे सोडा. ती पूर्ण बंद झाली नाही तर स्प्रिंग थकली आहे. १०-१५ डॉलरचा भाग आहे.

टप्पा ११: बाळगण्याआधीची परीक्षा

कोणताही भाग बदलला की पुन्हा २०० साधे राउंड, आणि जी गोळी बाळगणार तिचे ५०. बाळगायचं प्रत्येक मॅगझीन पूर्ण भरून किमान दोनदा रिकामं करा. मधे एक जरी राउंड अडला आणि कारण सापडलं नाही, तर मोजणी पहिल्यापासून.

बाळगायची गोळी महाग असते, एक डॉलरच्या आसपास, म्हणून लोक रोज रात्री तीच चेंबरमधून काढून सकाळी तीच परत चढवतात. वारंवार चढवल्याने गोळी पुंगळीत आत दबते आणि राउंड उडताना दाब धोकादायक वाढतो. नव्या राउंडशेजारी ठेवून उंची बघा. किंचितही कमी दिसली तर तो टाका. त्याहून बरं म्हणजे पिस्तूल रात्री होल्स्टरसकट लॉकबॉक्समध्ये ठेवणं, म्हणजे काढा-घाला लागतच नाही.

टप्पा १२: अंगावर नसतानाची जागा

गाडीत सीटखाली केबलने बांधलेला लॉकबॉक्स हवा. केबल सीटच्या लोखंडी पायातून न्या, कापडी पट्ट्यातून नको. याची गरज आपल्या लोकांना दर आठवड्याला पडते: रविवारची मराठी शाळा बऱ्याच ठिकाणी पब्लिक स्कूलच्या इमारतीत भरते, आणि अनेक राज्यांत शाळेच्या इमारतीत परवानाधारकालाही पिस्तूल नेता येत नाही. मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात असेल तर तोच नियम. पार्किंगमध्ये पोचल्यावर काढाकाढी करू नका. घरून निघतानाच ते बॉक्समध्ये रिकामं ठेवा किंवा घरीच ठेवा. आवारात गाडीतही चालतं का, हे राज्याच्या कायद्यात आधी बघा.

बॅगेत एक टूर्निके ठेवा. सीएटी (कॅट) बनावटीचा खरा टूर्निके ३० डॉलरच्या आसपास मिळतो. दहा डॉलरला मिळणाऱ्या नकलेची दांडी पीळ देताना मोडते. मुख्य विक्रेत्याकडूनच घ्या आणि एकदा स्वतःच्या मांडीवर लावून बघा.

देशांतर्गत विमानप्रवासात पिस्तूल रिकामं करून, कडक कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर सांगून न्यायचं. मॅगझीन आणि सुटे भागसुद्धा चेक-इनमध्येच. भारतात जाताना मात्र यातलं काहीही सोबत नको. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही येतात. रेंजला नेलेली सॅक सुट्टीत मुंबईला नेली आणि आतल्या कप्प्यात एक काडतूस राहून गेलं, तर परतीच्या विमानतळावर क्ष-किरण यंत्रात ते दिसतं आणि कलम २५ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. रेंजची सॅक वेगळी ठेवा, तिच्यावर पेंट पेनने मोठी खूण करा, आणि ती प्रवासाला कधीच नेऊ नका. चुकून नेलीच असेल तर बॅग भरण्याआधी प्रत्येक कप्पा उलटा करून झटका, अस्तराच्या शिवणीत बोट घालून चाचपा.